दवाखान्याचा गुलाब

रोप उपटून मुळावरची माती झटकली आणि गाठ दिसली. लिंबाएवढी, खडबडीत, खोड जिथे मातीत शिरतं अगदी तिथेच. मी शेजारचं रोप उपटलं. त्यालाही होती, जरा लहान. त्याच्या पुढच्याला नव्हती. त्याच्याही पुढच्याला होती.

बेडवर, म्हणजे वाफ्यावर, खुरपणाऱ्या सुमनमावशी हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघत होत्या. चांगली हिरवी दिसणारी रोपं मॅडम का उपटतायत, ते त्यांना कळेना.

"किडा लागला का मॅडम?"

"किडा असता तर बरं झालं असतं," मी म्हणाले.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. त्या काळात पॉलिहाऊसची मोठी हवा होती. पॉलिहाऊस म्हणजे लोखंडी पाइपांवर प्लॅस्टिक ताणून केलेलं घर. आतली हवा आणि पाणी आपल्या हातात ठेवायचं आणि बारा महिने फुलं घ्यायची. लांब दांड्याचे, घट्ट कळीचे गुलाब खोक्यांत भरून विमानाने परदेशी पाठवायचे. आमच्या कंपनीचे मालक संजय निकम साहेब. त्यांचं कुपवाडला पंपाचे भाग बनवायचं वर्कशॉप होतं. रहिमतपूरजवळच्या वडिलांच्या जमिनीवर त्यांनी हे पॉलिहाऊस उभं केलं होतं. मी तिथे प्रोपगेशन इन्चार्ज. एका झाडापासून अनेक रोपं तयार करायची, ती निरोगी ठेवायची, हे माझं काम.

मुळावरच्या त्या गाठीला क्राऊन गॉल म्हणतात. लोकांना समजावं म्हणून आम्ही झाडाचा कॅन्सर म्हणतो. मातीतला एक जिवाणू जखमेतून आत शिरतो आणि झाडाच्याच पेशी वेड्यासारख्या वाढायला लावतो. त्याला औषध नाही. माती, पाणी, फांद्या छाटायचं सिकेटर, सगळ्यातून तो पसरतो. मोकळ्या बागेतलं जुनं झाड अशी गाठ पोटाशी घेऊन वर्षानुवर्षं जगतं. पॉलिहाऊसमधल्या झाडाला ते जमत नाही. त्याच्याकडून आपण सतत फूल काढत असतो. ते हळूहळू खंगतं, दांडे बारीक होतात, आणि मग शेजारच्या झाडांची पाळी येते.

मी दिवसभर बेड तपासले. गाठीची रोपं सगळी पूर्वेच्या बाजूला होती. पूर्वेला, पॉलिहाऊसच्या बाहेर, जरा चढावर आबांची पट्टी होती. पावसाळ्यात तिथलं पाणी उतरून आमच्या बेडच्या खालून जायचं.

आबा म्हणजे साहेबांचे वडील. बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. सगळी नोकरी सातारा आणि सांगली जिल्ह्यांत फिरून झाली. बदली झाली की त्या गावातून गुलाबाची एक काडी आणायची, हा त्यांचा नाद. सरकारी बंगल्याच्या आवारात, कोर्टाच्या मागे, स्टेशनमास्तरांच्या दारात पूर्वी कुणीतरी लावलेले जुने गुलाब असायचे. त्यांची मूळ नावं कुणाला माहीत नव्हती. आबांनी आपली नावं ठेवली होती. तासगावच्या कोर्टातून आणलेला तो कोर्टाचा. कोरेगावहून आणलेला तो स्टेशनचा. वाईहून आणलेली पांढरी वेल ती बंगल्याची. जतहून आणलेला एक होता, त्याला ते नुसतं 'जत' म्हणायचे. अशी सगळी मिळून एक लांब ओळ होती. पॉलिहाऊस बांधताना त्यांची अर्धी बाग गेली. उरलेली झाडं त्यांनी स्वतः उभं राहून त्या पट्टीत हलवून घेतली होती.

ही फुलं बाजारात चालणारी नव्हती. मान खाली घालणारी, दुपारपर्यंत पाकळ्या सोडणारी. पण वास असा की सकाळी पॅकिंगच्या बायका मुद्दाम त्या बाजूने यायच्या. आमच्या आतल्या हजारो फुलांना वास नव्हता.

ओळीच्या टोकाला एक फिकट गुलाबी, भरगच्च पाकळ्यांचं झाड होतं. त्याला आबा दवाखान्याचा म्हणत. त्यांच्या पत्नीला छातीचं दुखणं झालं होतं, तेव्हा त्या पुष्कळ महिने मिरजेच्या एका दवाखान्यात होत्या. खाटेजवळच्या खिडकीखाली हा गुलाब होता. घरी सोडलं त्या दिवशी त्यांनी एक काडी मागून घेतली आणि ओल्या फडक्यात गुंडाळून आणली. त्यानंतर त्या तीनेक वर्षं जगल्या. हे मला आबांनी नव्हे, सुमनमावशींनी सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुदळ घेऊन पट्टीत गेले. आबा झाडांना पाणी घालत होते.

"आबा, बुंधा जरा उकरून बघायचाय."

"बघा की. काय झालंय?"

मी कोर्टाच्या गुलाबाचा बुंधा उकरला. नारळाएवढी गाठ, काळी, लाकडासारखी कडक झालेली. स्टेशनच्या झाडालाही होती. प्रत्येकाला कमीजास्त होतीच. आबा माझ्यामागून झाडागणिक येत होते. टोकाशी पोचलो तेव्हा त्यांनी माझ्या हातातली कुदळ घेतली आणि दवाखान्याच्या झाडाची माती स्वतः बाजूला केली. गाठ होती.

मी त्यांना रोग समजावून सांगितला. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे आमच्या झाडांनी तुमच्या झाडांस्नी दिला म्हणा."

"तसं असेल. किंवा उलटंही असेल. आतली रोपं बाहेरून विकत आणलेली आहेत. त्यांच्याबरोबर आला असेल आणि सिकेटरमधून इकडे पोचला असेल."

"मग नक्की काय?"

"सांगता येत नाही, आबा."

मी नमुने एका शेतकी कॉलेजातल्या ओळखीच्या सरांकडे पाठवले. रोग तोच असल्याचं त्यांनी कळवलं. आधी कोणाला झाला, हे त्यांनाही सांगता आलं नाही.

साहेब कुपवाडहून आले. पुण्याच्या कन्सल्टंटशी फोनवर बोलणं झालेलं होतं. ऑफिसात ते उभेच राहिले.

"पूर्वेचे बेड काढायचे, माती बदलायची. आणि बाहेरची पट्टी साफ करायची. बरोबर?"

"बरोबर," मी म्हणाले. दुसरं उत्तर नव्हतं. पट्टी तशीच ठेवली असती तर वर्षभरात सगळं पॉलिहाऊस गेलं असतं, आणि त्यावर गावातली पन्नासेक घरं अवलंबून होती.

"तुम्ही सांगा आबांना."

"साहेब, ते तुमचे वडील आहेत."

ते खिडकीकडे वळले. "म्हणूनच म्हणतोय. माझ्या तोंडून ऐकलं तर त्यांना वाटेल, अर्धी बाग घेतली आणि आता उरलेलीही घेतोय."

"थोडे दिवस द्या. डोळे काढून घेते. वरच्या कोवळ्या फांद्यांत रोग नसण्याची शक्यता असते."

"इथे नको. कंपनीच्या हद्दीत त्या झाडांचं पानसुद्धा नको. आणि निर्यातीच्या इन्स्पेक्शनच्या आधी पट्टी रिकामी पाहिजे."

"इथे नाही. माझ्या माहेरी भरते."

ते दारापर्यंत गेले. मग म्हणाले, "टोकाचं आधी घ्या."

डोळा भरणं म्हणजे काय ते सांगते. पानाच्या बगलेत एक बारीक कोंब असतो, त्याला डोळा म्हणतात. तो सालीच्या चकतीसकट काढायचा आणि दुसऱ्या काटक झाडाच्या सालीत चीर देऊन आत बसवायचा. त्या काटक झाडाला खुंट म्हणतात. वर पट्टी बांधायची. जीव धरला तर त्या डोळ्यातून पहिल्या झाडाचीच फांदी निघते. मूळ परक्याचं, फूल आपलं. पण याला हंगाम लागतो. थंडीत खुंटात रस असतो, साल अलगद सुटते. हे सगळं घडत होतं ऐन मे महिन्यात. खुंटाची साल लाकडाला चिकटून बसलेली, आणि डोळा हातात घेईपर्यंत सुकायला लागायचा. पट्टी काढावी लागणार हे आबांना मीच सांगितलं, आणि हंगामाचं हेही त्यांच्यापासून लपवलं नाही.

"शंभरातले किती जगत्याल?" त्यांनी विचारलं.

"मे महिन्यात फार थोडे."

"बरं," ते म्हणाले आणि फांद्या दाखवायला उठले.

माझं माहेर माधवनगरचं. दादा, म्हणजे माझे वडील, तिथल्या कापड गिरणीत मागावर होते. गिरणी बंद पडल्यापासून घरीच असायचे. सांगलीच्या एका नर्सरीतून मी खुंटाची रोपं मागवून त्यांच्याकडे उतरवून ठेवली होती. रहिमतपूर स्टेशनवर पॅसेंजर पकडायची आणि माधवनगरला उतरायचं. मांडीवर ओल्या गोणपाटाची गुंडाळी, तिच्यात आबांच्या झाडांच्या काड्या. प्रत्येक जुडीला वेगळ्या रंगाचा दोरा. वाटेत गोणपाट दोनदा भिजवून घेतलं, तरी भिलवडी येईपर्यंत ते कोमट झालं होतं.

आम्ही घरामागच्या कडुनिंबाखाली बसलो. मी चीर द्यायची, डोळा बसवायची, दादा पट्टी बांधायचे. आयुष्यभर तुटलेले धागे जोडलेले हात. घट्ट पण काचणार नाही असं ते बांधत होते.

"ह्यो कुठला?" दादा प्रत्येक जुडीला विचारायचे.

"तासगावचा. कोर्टातला."

"आन ह्यो?"

"दवाखान्याचा." मी त्याची हकीकत सांगितली.  त्या जुडीचे डोळे भरून होईपर्यंत दादांनी पाणी प्यायलासुद्धा हात थांबवला नाही.

अशा तीन फेऱ्या झाल्या. त्यापुढे फेरी करायला झाडांवर उपयोगी काडी उरली नव्हती.

बाहेरची पट्टी साफ करायच्या दिवशी आबा सकाळीच येऊन बसले होते. पांढरं धोतर, टोपी, जणू कुणाच्या घरी निघालेत. मी त्यांना म्हटलं, "आबा, तुम्ही घरी थांबला असता तरी चाललं असतं."

"आणली म्या. घालवायला नको का म्या?"

बायकांनी एका बाजूने सुरुवात केली. मुळं खोल गेली होती. प्रत्येक झाड निघालं की आबा त्याचं नाव घेत. कोर्टाचा. स्टेशनचा. जत.  एरवी काम करताना बायकांची बडबड चालू असते, त्या दिवशी फक्त कुदळीचा आवाज होता.

टोकाचं झाड राहिलं तेव्हा साहेबांची गाडी आली. ते येणार नाहीत असं मी धरून चालले होते. त्यांनी बूट काढून कडेला ठेवले आणि सुमनमावशींकडे कुदळ मागितली. मग वडिलांकडे बघून थांबले.

"आबा, मी करू का?"

"तूच कर," आबा म्हणाले. "काडी लावली तवा खड्डा तूच खणला हुतास."

साहेबांनी खणायला सुरुवात केली. सवय नव्हती, घाव वेडावाकडा पडत होता. त्यांची आई गेली तेव्हा ते शाळेत होते, एवढंच मला माहीत होतं. मूळ मोकळं झालं तेव्हा त्यांनी झाड दोन्ही हातांनी धरून बाहेर काढलं. काटे हातात गेले होते. त्यांनी ते तसंच धरून ठेवलं. आबांनी उठून ते त्यांच्या हातातून घेतलं आणि स्वतः ढिगावर नेऊन ठेवलं.

रोगट झाड जाळावंच लागतं. ओलं लाकूड पेटेना. डिझेल ओतलं तेव्हा पेटलं, आणि धूर जमिनीलगत पसरत राहिला. बापलेक शेजारी शेजारी उभे होते. बऱ्याच वेळाने आबा म्हणाले, "चल, हाताला हळद लाव." आणि दोघे घराकडे गेले.

इन्स्पेक्शन झालं. पॉलिहाऊस पास झालं.

माधवनगरचे डोळे पुढच्या दोन-तीन आठवड्यांत एकेक काळे पडत गेले. डोळा मेला की काळा पडून सुरकुततो, जगला तर हिरवा राहतो आणि फुगतो. दादा रोज बघायचे आणि फोनवर सांगायचे. शेजारच्या दुकानातून फोन करायचे, त्यामुळे बोलणं थोडक्यात असायचं.

"कोर्टाचं दोन हिरवं हायती. जत गेला. बंगल्याची येल हाय."

"आणि दवाखान्याचा?"

"एक हाय. एकच."

त्या एका डोळ्यातून जूनमध्ये लालसर फुटवा निघाला. मी आबांना सांगितलं. ते त्याच आठवड्यात पॅसेंजरने माधवनगरला आले. दादांनी त्यांच्यासाठी खुर्ची शेजाऱ्यांकडून आणून ठेवली होती. आबा खुर्चीवर बसलेच नाहीत. कुंडीपाशी उकिडवे बसले आणि पान दोन बोटांत धरून बघत राहिले.

"ह्योच हाय," ते म्हणाले. "पान ह्याचंच."

मग दोघे म्हातारे चहा पीत बसले. एक निवृत्त ओव्हरसियर, एक घरी बसलेला गिरणी कामगार. एकमेकांना 'आवं' म्हणत पावसाचं, गिरणीचं, आजारांचं बोलत होते. निघताना आबा दादांना म्हणाले, "संबाळा." दादांनी मान हलवली.

दिवाळी उलटल्यावर मी घरी गेले तेव्हा त्या झाडाला कळी धरली होती. खरं तर एवढ्या लहान रोपाची पहिली कळी खुडतात, म्हणजे जोर मुळांना मिळतो. मी खुडायला वाकले आणि डोळा जिथे भरला होता त्या सांध्यावर मला हरभऱ्याएवढा फुगवटा दिसला.

मी नखाने खरवडून बघितलं. मऊ, पांढरट, दाणेदार. क्राऊन गॉलच. रोग वरच्या काडीतून, रसातून आला होता. शेजारी कोर्टाची, स्टेशनची, बंगल्याची रोपं होती. त्यांचे सांधे स्वच्छ होते. मी सगळी तपासली, दोनदा.

दादा शेजारी उभे होते. "काय करायचं?"

"काढायचं."

"आबांस्नी?"

"मी सांगते."

ती कुंडी लगेच उचलून घराच्या दुसऱ्या बाजूला, फरशीवर, एकटी ठेवली. कळी मात्र खुडली नाही. दादांना सांगितलं, हिला वेगळ्या तांब्याने पाणी घाला, हात धुवा, आणि फूल उमललं की मला कळवा.

फूल उमललं. मी ते दांड्यासकट कापलं, ओल्या कापसात ठेवलं, आणि झाड उपटून चुलीत घातलं. मग रहिमतपूरला गेले.

आबा ओसरीवर होते. पावसाळ्यात त्यांना बराच दम लागायला लागला होता. मी फूल त्यांच्या हातात दिलं आणि झाडाचं काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं. गाठ कुठे होती, केवढी होती, मी काय केलं. मधेच थांबले असते तर पुढचं सांगता आलं नसतं.

त्यांनी फूल नाकाशी धरलं. डोळे मिटले होते.

"शेवटचं म्हणा की हे."

"हो."

"मिरजंला हाय का अजून, खिडकीखाली?"

मी महिनाभरापूर्वीच जाऊन आले होते. त्या जागी आता दुचाक्या लावायची शेड होती. मी तसं सांगितलं. त्यांनी मान डोलावली.  "आमचा संजय यील सांजच्याला," ते म्हणाले. "तवर राहील का ह्याला वास?"

"पाण्यात ठेवलं तर राहील."

त्यांनी सुनेला हाक मारून पेला मागितला. मी निघाले तेव्हा ते पेला मांडीवर धरून बसले होते.

पुढच्या उन्हाळ्यात आबा गेले. साहेबांनी मला गाडी पाठवून बोलावून घेतलं. दहाव्याला त्यांनी विचारलं, "मॅडम, खरंच नक्की सांगता आलं नाही ना, कुणाकडून कुणाला?"

"नाही आलं साहेब."

"त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं की त्यांच्या झाडांमुळे माझं नुकसान झालं. मला वाटत होतं, माझ्या रोपांमुळे त्यांची झाडं गेली. मी बोललो नाही." एवढं म्हणून ते पाहुण्यांकडे गेले.

दशक संपायच्या आत पॉलिहाऊसही बंद झालं. परदेशातले भाव पडले, विमानाचं भाडं वाढलं. त्या धंद्यात तेव्हा बहुतेकांचं तेच झालं. पाइप भंगारात गेले. मी नोकरी बदलली. कोर्टाचा, स्टेशनचा आणि बंगल्याची वेल ही तीन झाडं दोन वर्षं नजरेखाली ठेवली, आणि रोग नाही याची खात्री झाल्यावर डोळे भरून भरून वाटून टाकली. कुपवाडच्या वर्कशॉपच्या गेटवर पांढरी वेल आहे, ती साहेबांनी स्वतः मागून नेली. बाकीची कुठे कुठे आहेत ते मलाही पुरतं ठाऊक नाही, आणि तसंच असायला हवं.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. जुनं, दुसरीकडे कुठे न मिळणारं झाड हाती आलं की पहिल्या थंडीतच त्याची रोपं करायची आणि ती वेगळ्या गावात, वेगळ्या पाण्यावर, वेगळ्या माणसाकडे द्यायची. झाड कितीही ठणठणीत दिसत असलं तरी. आता रोपवाटिकेच्या ट्रेनिंगमध्ये शिकवताना हे सांगते तेव्हा सगळे लिहून घेतात. पुढच्या वर्षी भेटल्यावर विचारलं, तर बहुतेकांचं झाड अजून एकाच जागी असतं.